ब्रास

सोहारहून वादी जिझीत शिरलं की
डोंगर एकदम उघडे पडतात.
ना झुडूप, ना माती, ना कसला आडपडदा.
हिरवट, जांभळे, मधेच करपल्या भाकरीसारखे.
कंपनीचा भूगर्भवाला सांगतो,
हा सगळा समुद्राचा तळ आहे, वर ढकललेला.
मी मान हलवतो.
तळातलं वर आलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं,
आमच्याकडे तळातलं तळातच राहायचं.

माझं काम नमुने गोळा करायचं.
पायथ्याशी काळ्या कीटाचा ढीग आहे,
नव्या माणसाला टेकडीच वाटावी एवढा.
कुणीतरी इथं तांबं गाळलं होतं.
कधी, ते दोन साहेब दोन तऱ्हेनं सांगतात,
एकाची हजार वर्षं, दुसऱ्याची चार हजार.
त्यांचा भाता दमला असेल, लाकूड संपलं असेल,
टक्का-दीड टक्का तांबं कीटातच राहून गेलं.
तेवढ्यासाठी आम्ही आलोय
विमानानं, हेल्मेट घालून,
कुणाचं तरी उष्टं वेचायला.

पिशवी दोनशे अकरा.
पिशवी दोनशे बारा.

आई खडी फोडायची फलटण-दहिवडी रस्त्याला.
आम्ही वडार, पाल तिथंच, चूल तिथंच,
बाप वर खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा.
तो म्हणायचा, दगडाला आधी वाजवून विचारावं,
मग घण घालावा.
संध्याकाळी मुकादम टेप लावून ढीग मोजायचा.
यल्लव्वा, पाऊण ब्रास.
आई म्हणायची, सव्वा हाय.
तो ढिगावर चढायचा, दोन उड्या मारायचा,
ढीग बसायचा.
बघ. पाऊणच.

ब्रास म्हणजे पितळ, हे मला इथं कळलं,
स्टोअरमध्ये व्हॉल्व्हचा खोका उघडताना.
इतकी वर्षं वाटत होतं
ब्रास म्हणजे मुकादमाचा बूट.

सईद बिन खल्फान दुपारी थर्मास घेऊन येतो.
खजूर, कडू कहवा, बोटभर पेल्यात.
सुरुंग उडाला की त्याच्या फलजचं पाणी गढूळ होतं,
दोन दिवसांनी निवळतं,
तेवढे दोन दिवस तो माझ्याशी बोलत नाही.
आज बोलला.
पिशवीत काय?
नुहास, मी म्हणालो. तांबं.
तो हसला. म्हणजे माझी शेळ्यांची भिंत पण तांब्याची?

नकाशावर आखलेल्या चौकटींतली
दोनशे चाळीसावी चौकट
बरोब्बर त्याच्या वाड्यात पडते, शेळ्यांच्या.
भिंत त्याच ढिगातल्या कीटाची,
त्याच्या आजानं रचलेली, चुना नाही, सिमेंट नाही,
एकमेकांच्या वजनावर तोललेली.
मी हातोडीनं वाजवून पाहिली.
चांगली बोलली.
सांध्यात हिरवा डाग होता,
तांब्याच्या भांड्यात राहून कळकलेल्या ताकासारखा.
दीड टक्क्याच्या वरच असेल.
ढिगात कुठं नाही असा माल.

सईदनं पेला पुढं केला, डोळ्यांनी विचारलं.
मुका दगड आहे, मी म्हणालो,
हिंदीत, मग मोडक्या अरबीत, मग उगाच मराठीत.

भिंत सहज सव्वा ब्रास भरली असती.
वहीत मी पाऊणसुद्धा लिहिली नाही.
दोनशे एकोणचाळीसनंतर दोनशे एकेचाळीस.
मधल्या पिशवीत खजुराच्या बिया भरल्या
आणि ती खिशात घातली.

पुढच्या महिन्यात ड्रोन येणार आहे.
त्याला भिंत दिसेल, हिरवा डागही दिसेल,
आणि माझं अक्षर ओळखणारे ऑफिसात पुष्कळ आहेत.
मला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

एक शेळी, एका कानानं अर्धी,
भिंतीला मान घासत उभी होती.
भिंत हलली नाही.